गरम भट्टीला थंड दाखला

भट्ट्यांच्या अस्तरांचे चाचणी-अहवाल वाचणे, तपासणे आणि त्यांवर मत देणे हे माझे काम. ते मी चेन्नईत एग्मोरच्या कार्यालयात बसून करतो. वृद्धाचलम, सेलम, राणीपेट, एन्नोर अशा ठिकाणांहून कागद येतात: फायरक्लेच्या विटा, उच्च ॲल्युमिनाच्या विटा, ओतून बसवायचे कास्टेबल, कधी सिलिकॉन कार्बाइडच्या पट्ट्या. माल कोणताही असो, जवळजवळ प्रत्येक दाखल्यात एक आकडा ठळक छापलेला असतो, तो थंड दाबसामर्थ्याचा. साध्या तापमानाला वीट दाबयंत्रात ठेवून फुटेपर्यंत दाबायची आणि फुटताना दर चौरस सेंटीमीटरला किती किलो भार होता ते लिहायचे. विक्रेता हाच आकडा पुढे करतो आणि खरेदीखाते हाच आकडा निविदेशी ताडून पाहते. वीट मात्र जाऊन बसते १२००, १४००, कधी १६०० अंशांच्या आगीत. या कामात राहून माझे मत पक्के झाले आहे की ठिसूळ पदार्थाच्या थंड ताकदीवरून त्याची गरम ताकद जोखणे धोक्याचे आहे. असा अंदाज थोडाफार चुकला तर चालवून घेता येईल, पण तो पुष्कळदा अगदी उलट निवड करायला लावतो. आजचा माल कालच्यासारखाच भाजला आहे का, हे थंड चाचणी चांगले सांगते. तो माल आगीत तग धरेल का, हे सांगण्याचे साधन तिच्याकडे नाही.

एग्मोरला हा विषय परका नाही. डॉ. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने १८५० मध्ये मद्रासमध्ये कलाशाळा काढली. ती पुढे पूनमल्ली हाय रोडवर आली, आणि चित्रकलेबरोबर तिथे मातीकाम व कुंभारकाम हेही शिकण्याचे उद्योग मानले गेले. जवळच १९०८ मध्ये एग्मोर स्थानकाची इमारत उभी राहिली. बीच ते तांबरम हा उपनगरी मार्ग १९३१ मध्ये विजेवर गेला, पण लांबच्या मीटरगेज गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षे वाफेच्या इंजिनांवर चालत. कोळशावर चालणाऱ्या इंजिनाच्या अग्निपेटीत अग्निविटांची एक तिरपी कमान असते. तिच्यामुळे ज्वाळेला लांबून वळसा घ्यावा लागतो आणि कोळसा पुरता जळतो. या कमानीवर स्वतःच्या वजनाखेरीज फारसा भार नसतो, तरीही ती ठरावीक काळाने बदलावी लागते. आग काढली की ती निवते, पेटवली की तापते आणि वितळलेल्या राखेचा रस तिला खात राहतो. अशा विटेची निवड थंड दाबसामर्थ्यावर करणे म्हणजे तिला जे कधी सोसावे लागणार नाही त्याची परीक्षा घेणे होय.

हे इंजिनापुरतेच खरे आहे असे नाही. दहा मीटर उंच विटांची भिंत घ्या. विटेची घनता घनमीटरला सुमारे २३०० किलो धरली तर तळाच्या विटेवर जेमतेम ०.२३ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब येतो. चांगल्या फायरक्ले विटेचे थंड दाबसामर्थ्य याच्या शंभरपट सहज असते. भाराखाली वीट कोणत्या तापमानाला नरमते हे पाहण्याची जी प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात दाब ०.२ मेगापास्कलच ठेवतात आणि तो अगदी वास्तवाला धरून आहे. तेव्हा भिंत नुसत्या वजनाने चिरडून पडण्याची भीती जवळजवळ नसतेच. तडा जातो तो विटेच्या तापलेल्या तोंडाच्या आणि थंड पाठीच्या ओढाताणीत. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची तापलेली काच पाण्याच्या एका थेंबाने तडकते, तेव्हा तिच्यावर कोणी वजन ठेवलेले नसते. विटेचे गणितही तसेच आहे. प्रसरणगुणांक अंशाला दशलक्षात पाच, ताठरपणा २० गिगापास्कल आणि दोन भागांतला फरक २०० अंश धरला, आणि विटेला हलायला जागाच ठेवली नाही, तर आत २० मेगापास्कलपर्यंत ताण उभा राहतो. फायरक्ले विटेची वाकवण्याखालची ताकद पुष्कळदा याच्या निम्म्याहून कमी भरते. ठिसूळ पदार्थ दाबाला चिवट आणि ताणाला दुबळा असतो, आणि भट्टी त्याच्या दुबळ्या बाजूवर घाव घालते.

दाबतानासुद्धा तो बहुतेक वेळा ताणानेच फुटतो, याचे एक जुने उदाहरण ब्राझीलचे आहे. रिओ दि जानेरोत नवा राजमार्ग आखताना सेंट पीटरचे एक जुने चर्च आड येत होते. ते काँक्रीटच्या गोल रुळांवर ठेवून सरकवण्याचा विचार झाला. फर्नांदो कार्नेरो या अभियंत्याने असा रूळ आडवा ठेवून वरून दाबला, तेव्हा तो चिरडला गेला नाही, वरच्या टेकूपासून खालच्या टेकूपर्यंत उभा चिरला. चर्च शेवटी पाडले गेले, पण १९४३ पासून अशा रुळाची चकती चिरण्याची ही चाचणी ब्राझीलच्या नावाने जगभर रुजली. खडक, काँक्रीट आणि ग्रॅफाइट यांचे ताणसामर्थ्य आजही असे मोजतात, कारण ठिसूळ पदार्थाला दोन टोकांनी पकडून सरळ ओढणे फार अवघड असते. पकडीतला किंचित तिरकेपणाही त्याला वाकवून मोडतो.

आता उलट निवड कशी होते ते पाहू. सिलिकाची वीट आणि फायरक्लेची वीट शेजारी ठेवा. फायरक्लेत अशुद्धी जास्त असतील तर भाजताना त्यांची काच होते. थंड झाल्यावर ही काच कणांना घट्ट सांधते आणि दाखल्यावर दाबसामर्थ्य दिमाखाने वर जाते. १३०० अंशांच्या पुढे तीच काच मधासारखी वाहू लागते आणि वीट वजनाखाली बसते. सिलिकाची वीट थंडपणी साधारणच वाटते, पण आपल्या वितळणबिंदूच्या अगदी जवळ जाईपर्यंत भार पेलत राहते. कोक भट्ट्यांच्या उंच भिंती तिच्या उभ्या राहतात त्या याच गुणावर. कारखान्यात बनणाऱ्या बारीक सिरॅमिकमध्येही हेच दिसते. मॅग्नेशिया घालून तापवत दाबलेले सिलिकॉन नायट्राइड साध्या तापमानाला अतिशय मजबूत असते. भट्टीतल्या रासायनिक क्रियेने जुळवलेले सच्छिद्र सिलिकॉन नायट्राइड तेव्हा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण १००० अंशांनंतर पहिल्याच्या कणांमधला काचेचा पातळ थर मऊ पडत जातो, आणि १४०० अंशांना दोघांमधला फरक जवळजवळ पुसला जातो. ग्रॅफाइट तर सगळ्यांच्या विरुद्ध दिशेने जाते. नाशिकच्या सातपूरला पोलादाच्या विद्युत भट्ट्यांसाठी ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. हा पदार्थ प्राणवायूपासून दूर ठेवला तर सुमारे २५०० अंशांपर्यंत तापताना अधिकच मजबूत होत जातो. सिमेंटाने बांधलेले कास्टेबल याहून फसवे आहे. ओतल्यावर ते दगडासारखे होते, मग ६०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात सिमेंटातले बांधलेले पाणी निघून गेल्याने कमकुवत होते, आणि त्याहून वर पुन्हा सिरॅमिक बंध धरू लागते. अस्तराची गरम बाजू सावरलेली असते, पण आतला मधला थर नेमका त्या दुबळ्या पट्ट्यात अडकून असतो. दोनच तापमानांना चाचणी केली तर हा खड्डा दिसतच नाही.

चेन्नईच्या किनाऱ्यावरच याचे एक ठळक उदाहरण उतरले आहे. जानेवारी २००७ मध्ये इस्रोची एसआरई-१ ही ५५० किलोची कुपी पीएसएलव्हीवरून गेली, बारा दिवसांनी वातावरणात परत शिरून बंगालच्या उपसागरात पडली आणि तिला एन्नोर बंदरात आणले गेले. तिच्या अंगावर सिलिकाच्या तंतूंच्या फरशा होत्या. त्या इतक्या हलक्या आणि सच्छिद्र असतात की दाबयंत्रात त्यांचा आकडा साध्या विटेपुढे नगण्य ठरेल. पण उष्णतेने त्या फारशा फुगत नाहीत, म्हणून आतला ताणही वाढत नाही. थंड आकड्यावर निवड झाली असती तर त्या पहिल्याच चाळणीत बाद झाल्या असत्या.

गरम चाचणीची मांडणी ऐकायला सोपी आहे. २५ बाय २५ बाय १५० मिलिमीटरची पट्टी विटेतून कापायची, भट्टीत १२५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर आडवी ठेवायची, ती आतपर्यंत सारखी तापेस्तोवर थांबायचे आणि मग मधोमध भार द्यायचा. १० मेगापास्कलला मोडणाऱ्या अशा पट्टीला सुमारे ८५ किलो भार पुरतो. बारीक सिरॅमिकची ३ बाय ४ मिलिमीटर जाडीची पट्टी ४० मिलिमीटरच्या आधारांवर ठेवून चार ठिकाणी टेकवली, तर ३०० मेगापास्कलच्या पदार्थालाही ३७ किलोच लागतात. भार थोडा असतो, अवघड असते ते आगीच्या आत तो सरळ पोचवणे. १४०० अंशांना पोलादाचे आधार वापरता येत नाहीत, म्हणून आधार आणि दांडे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनाचे असतात, म्हणजे तेही ठिसूळच. भार मोजणारा लोड सेल बाहेर ठेवून त्याला पाण्याने निववावे लागते. चेन्नईत बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांना पुटे चढतात आणि दमट हवेत निववलेल्या तोंडांवर दव धरते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले, तेव्हा पाणी फिरवून फिरवून वापरणारी यंत्रणा किती मोलाची आहे हे इथल्या प्रत्येक प्रयोगशाळेला उमगले. थर्मोकपल पट्टीपासून बोटभर दूर असेल तर ते हवेचे तापमान सांगते, पट्टीचे सांगत नाही, आणि नरमण्याच्या पट्ट्यात दहा-वीस अंशांनी निकाल बदलतो. हे सारे पाहूनच लोक थंड चाचणीकडे वळतात, आणि ते मला समजते. पण थंड चाचणी निर्मळ असते हाही भ्रम आहे. काच, सिलिका, ॲल्युमिना यांच्या बारीक भेगांच्या टोकाशी बाष्प पोचले तर तिथले बंध कमी ताणालाच तुटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात चेन्नईत मोडलेली पट्टी आणि कोरड्या हवेत मोडलेली पट्टी एकाच पदार्थाच्या असूनही दोन आकडे देऊ शकतात. खोलीचे तापमान हीसुद्धा एक परिस्थितीच आहे, आणि तिची आर्द्रता दाखल्यावर क्वचितच लिहिलेली असते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी अभियंत्यांचा असतो: आम्ही दुप्पट ताकदीची वीट घेतो, म्हणजे सारे झाकले जाते. धातूच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे, कारण धातू मोडण्याआधी वाकतो आणि त्याचे नमुने एकमेकांच्या जवळपास मोडतात. ठिसूळ पदार्थ त्याच्यातल्या सर्वांत वाईट भेगेवर मोडतो. ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेवरच्या कामातून हे मांडले आणि स्वीडनच्या वायबुलने १९३९ मध्ये त्याला संभाव्यतेचे रूप दिले. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत, या कल्पनेवर त्याचे सूत्र उभे आहे. विखुरणे किती, हे त्यातला घातांक सांगतो. घातांक १० असेल आणि पदार्थावर सरासरी ताकदीच्या निम्माच ताण आला, तर सुमारे १७०० पैकी एक तुकडा तरीही मोडतो. घातांक ५ असेल तर त्याच निम्म्या ताणाला पन्नासातला एक मोडतो. दोन्ही मालांच्या दाखल्यावर सरासरी एकच असेल. हजारो विटांच्या अस्तरात पन्नासातली एक मोडणे म्हणजे काय, हे भट्टीवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय आकार वाढला की वाईट भेग सापडण्याची शक्यताही वाढते. घातांक १० धरून हजारपट मोठ्या तुकड्याची ताकद निम्मी होते. मधोमध एकाच ठिकाणी भार देऊन मोडलेली पट्टी चार ठिकाणी टेकवलेल्या पट्टीपेक्षा सुमारे वीस टक्के जास्त मजबूत दिसते. पदार्थ तोच असतो, पण पहिल्या मांडणीत पूर्ण ताण फार थोड्या जागेत असतो. म्हणून निम्मे-दुप्पटचा हिशेब कशाच्या निम्मे, असे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. सरासरीसाठी किमान दहा आणि विखुरणे मोजण्यासाठी तीस पट्ट्या, ही बारीक सिरॅमिकच्या प्रमाणित पद्धतीतली अपेक्षा कोणाला छळ वाटेल. मला ती किमान सभ्यता वाटते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याने प्रत्येक ट्रकमागे तीस पट्ट्या १४०० अंशांना मोडून घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. इंडक्शन भट्टीतला सिलिकाचा रॅमिंग मास तर भट्टीतच भाजला जातो. त्याची वीट नसते, त्यामुळे विटेची चाचणी त्याला जशीच्या तशी लावताही येत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की कृती ठरते तेव्हा, कच्चा माल बदलतो तेव्हा किंवा भाजण्याचे तापमान हलते तेव्हा गरम चाचणी एकदा नीट करावी. मग त्या कृतीच्या रोजच्या मालाला घनता, सच्छिद्रता आणि थंड दाबसामर्थ्य या स्वस्त चाचण्या पुरतात, कारण तेव्हा प्रश्न सारखेपणाचा असतो. भारतीय मानकांतही थंड चाचणी आणि गरम चाचण्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आयएस १५२८ चे अनेक भाग त्यासाठीच आहेत. खरेदीच्या कागदावर येताना त्यातला सर्वांत सोपा भाग तेवढा उरतो, एवढीच तक्रार आहे. एक अस्तर वेळेआधी पडले की भट्टी निववणे, फोडणे, पुन्हा रचणे, पुन्हा हळूहळू तापवणे आणि त्या सगळ्या काळातले बुडालेले उत्पादन यांच्यापुढे त्या तीस पट्ट्यांचा खर्च किरकोळ ठरतो.

तिसरा आक्षेप संगणकावर भिस्त ठेवणाऱ्यांचा आहे. अस्तराची प्रतिकृती करून ताण काढता येतो, मग पट्ट्या मोडायच्या कशाला, असे ते विचारतात. या साधनांची मला मनापासून कदर आहे. पण त्यांना ताठरपणा, प्रसरण आणि ताकद हे तिन्ही गरम तापमानाचेच द्यावे लागतात. थंड आकडे दिले तर उत्तर रंगीत आणि नेटके येते, पण ते दुसऱ्याच भट्टीचे असते. त्याहून खोल अडचण अशी की पट्टीच्या ताकदीचे आपले नेहमीचे सूत्र पदार्थ शेवटपर्यंत लवचिक राहिला असे गृहीत धरते. काचेचा अंश नरमला की ताणाची बाजू दाबाच्या बाजूपेक्षा लवकर सरकते, पट्टीतला ताणशून्य थर मधून ढळतो आणि सूत्राने काढलेला आकडा खऱ्या ताणाहून मोठा निघतो. तापमान वाढूनही ताकद वाढलेली दिसली, तर तडे खरोखर सांधले की सूत्रच लागू राहिले नाही, हे भार आणि वाक यांचा आलेख पाहिल्याशिवाय कळत नाही. तो आलेख अहवालाला जोडलेला नसेल तर मी आता मत देत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: स्वच्छ पट्टी म्हणजे अस्तर नव्हे, तिथे मळी आत शिरते, राख खाते, वर्षानुवर्षे भार राहतो. हे पूर्ण खरे आहे. गरम चाचणी भविष्य सांगते असा माझा दावा नाही. म्हणूनच तिच्या अहवालात वेळ आणि वातावरण या दोन गोष्टी आकड्याइतक्याच ठळक हव्यात. भार सावकाश वाढवला तर भेगेला वाढायला वेळ मिळतो आणि ताकद कमी दिसते. झटक्यात मोडलेली पट्टी कौतुकास्पद आकडा देते. सेलमच्या चॉक हिल्समधून निघणाऱ्या मॅग्नेसाइटपासून पोलादभट्ट्यांच्या विटा होतात. अशा मॅग्नेशियात कार्बन मिसळलेली वीट हवेत तापवून मोडली तर तिचा कार्बन आधीच जळून गेलेला असतो, म्हणजे आपण तिच्या सांगाड्याची परीक्षा घेतो. तिला आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूतच तपासले पाहिजे. उलट सिलिकॉन कार्बाइडवर हवेत सिलिकाचा पातळ थर धरतो, तो पृष्ठभागावरच्या बारीक भेगा बुजवतो आणि ताकद वाढलेली दिसते. ती वाढ खरी असते, पण हवा कमी असलेल्या भट्टीत ती मिळेलच असे नाही.

मोडलेले तुकडे फेकू नयेत, असा आग्रह मी याच कारणाने धरतो. तुटलेल्या तोंडावर आरशासारखा गुळगुळीत भाग असतो, त्याभोवती धूसर पट्टा आणि पुढे खरखरीत रेषा. त्या रेषा उलट्या चाळत गेले की सुरुवातीची भेग सापडते. ती म्हणजे कापताना झालेला कोपऱ्यावरचा ओरखडा असेल तर दोष पट्टी घासणाऱ्याचा, आतले छिद्र असेल तर दाबण्याचा, न मिसळलेला कण असेल तर मिश्रणाचा. गरम चाचणीत तुकडे भट्टीच्या तळाशी पडतात, तोंडे ऑक्सिडाइज होतात आणि हा पुरावा तासाभरात पुसट होऊ शकतो. म्हणून पट्टी मोडताच भट्टी निववायला घेणे, तुकडे झेलण्यासाठी खाली ॲल्युमिनाची ताटली ठेवणे आणि प्रत्येक जोडीवर क्रमांक टाकून ती अहवालासोबत ग्राहकाला देणे, इतके प्रयोगशाळांनी केले तरी कोणत्या कारखान्यातला कोणता टप्पा सुधारायचा हे पुढच्या मालाआधी ठरवता येते.